कळंब, कदंब की हेदू? पाटीवर काय लिहायचं?

पाटीवाली: नक्षत्रवनाच्या, म्हणजे प्रत्येक नक्षत्राचं ठरलेलं झाड लावलेल्या बागेच्या, पाट्यांचा मजकूर करायचा आहे. शततारकेपुढे एका यादीत 'कळंब', दुसरीत 'कदंब', तिसरीत 'कळंब (कदंब)'. मी 'कळंब' लिहिलं तर शेरा आला की तो अपभ्रंश आहे, शुद्ध रूप लिहा. माळी म्हणतात, तिथे उभं असलेलं झाड या दोन्हींतलं नाहीच, तो हेदू आहे. हा एकच शब्द आहे की दोन?

उपपर्ण: शब्दाचं नंतर, आधी झाड बघा. तिन्ही एकाच कुळातली, तिन्हींना चेंडूसारखी फुलं, तिन्हींची पानं समोरासमोर. गोंधळ होतो तो यामुळेच.

चेंडू हाती लागला तर काम सोपं. कदंबाचा चेंडू फांदीच्या टोकाला एकटा, चार-पाच सेंटीमीटरचा, नारिंगी-पिवळा, वर पांढऱ्या कुक्षींची (स्त्रीकेसरांच्या टोकांची) टाचणी-टाचणी. कळंबाचा जेमतेम त्याच्या निम्मा, मलईच्या रंगाचा, टोकाला बहुधा तिघे एकत्र. हेदूचा आकार कळंबाएवढाच, पण पिवळा, आणि तो लांब देठावर पानाच्या बगलेतून येतो. टोकाला की बगलेत, एवढं पाहिलं तरी हेदू वेगळा पडतो.

फुलं नसतील तर पानाचा देठ मोजा. हेदूचं पान पिंपळासारखं हृदयाकृती, खालून मऊ लव, देठ पाच ते दहा सेंटीमीटर. कळंबाचा देठ एक-दोन सेंटीमीटर. कदंबाचं पान तिघांत मोठं, वीत-दीड वीत, शिरा ठळक. शेंड्याची कळीही पाहा: कदंबाची टोकदार, बाकी दोघांची चपटी, दोन गोलसर उपपर्णांमध्ये (देठाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानांमध्ये) मिटलेली.

घाटमाथा: एक भर. तोडलेल्या बुंध्याच्या धुमाऱ्याचं पान कधीही मोजू नका. कळंबाच्या धुमाऱ्याला इतकी मोठी पानं येतात की भलेभले त्याला कदंब म्हणून मोकळे होतात. उन्हात वाढलेली, फुलणारी फांदीच घ्या. पावसाळा सरल्यावर फळ पाहा. कदंबाचं मांसल, पिकून पिवळं-नारिंगी, वटवाघळं त्यावर तुटून पडतात. कळंब आणि हेदूची सुकी काळपट बोंडं पुढे कितीतरी दिवस झाडावर लटकलेली असतात.

कोशकिडा: आता शब्द. 'अपभ्रंश' हा शेरा चूक. कदंबाचं प्राकृतात 'कलंब' होतं, हेमचंद्राने प्राकृताच्या आपल्या व्याकरणात त्यासाठी वेगळं सूत्र दिलं आहे. त्या 'कलंब'चा मराठी 'कळंब'. तद्भव, म्हणजे संस्कृतातून बदलत आलेला शब्द, अशुद्ध नव्हे. तसं असेल तर 'हात' खोडून 'हस्त' लिहा.

तत्सम: हात आणि हस्त एकाच अवयवाची नावं आहेत. इथे झाडं दोन आहेत. एका शब्दाची दोन रूपं दोन झाडांना वाटून दिली तर वाचणाऱ्याने काय समजायचं? शास्त्रीय नाव द्या, मराठीत 'कदंब' ठेवा, बाकीचं कंसात.

घाटमाथा: वाटून कोणी दिली? रानात जो भेटतो तो कळंब, देवळात-बागेत लावलेला तो कदंब. बोलणाऱ्यांनी ही सोय कधीच करून टाकली आहे. कळंब, कळंबोली, कळंबा ही गावंही काही संस्कृत शिकून वसली नाहीत.

तत्सम: म्हणजे त्या गावांत कुठलं झाड होतं हे तुम्हाला ठाऊक आहे?

घाटमाथा: नाही. पण 'कदंबोली' झालं नाही, एवढं ठाऊक आहे.

उपपर्ण: शास्त्रीय नावावरही फार विसंबू नका. कदंब जुन्या पुस्तकांत 'अँथोसेफॅलस' म्हणून भेटेल, आता तो 'निओलामार्किया कदंबा' आहे, हे नाव 1984चं. हेदू 'अदिना'तून निघून 'हाल्दिना' झाला, आणि तोही शब्द हेदूच्याच 'हळदू' या दुसऱ्या नावावरून लॅटिनात गेलेला. कळंब 'मित्रागायना पार्विफोलिया'. यातलं 'मित्र' संस्कृत नव्हे बरं का, कुक्षीचा आकार बिशपच्या टोपीसारखा म्हणून ते नाव.

कोशकिडा: हळदू आणि हेदू दोन्ही 'हरिद्रु'कडेच जातात, लाकूड पिवळं म्हणून. मला तर रत्नागिरीकडची हेदवीसुद्धा या हेदूचीच वाटते.

तत्सम: तुम्हाला वाटतं. बरं, संस्कृतावर आलाच आहात तर अमरकोशात नीप, प्रियक, कदंब, हलिप्रिय हे एकाच ओळीत पर्याय म्हणून आहेत. मेघदूतात मात्र नीप आणि कदंब दोन्ही येतात. भाषांतर करताना दोन्हींना 'कदंब' लिहिलं तर दोष कोणाचा?

कोशकिडा: छंदाचा. मात्रा बसेल तो पर्याय. कोकणात काही ठिकाणी कदंबाला 'न्हीव' म्हणतात, तो नीपच.

उपपर्ण: कालिदासाने नीपाला 'हरितकपिश' म्हटलं आहे, केसर अर्धेच बाहेर आलेले. अर्धवट उमललेला कदंबाचा चेंडू नेमका असाच दिसतो, हिरव्यातून तांबूस-पिवळा. कळंब कधीच कपिश होत नाही.

घाटमाथा: मेघदूतातला कदंब असेल हो. पण व्रजातला? यमुनाकाठच्या त्या कोरड्या मुलखात आपणहून वाढणारा कळंबच, हिंदीत कैम. कदंबाला ओल लागते. कृष्णाच्या चित्रांत नारिंगी चेंडू काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तत्सम: झालं, कृष्णालाही झाड बदलून दिलं! मग बलरामाचं काय? 'हलिप्रिय' म्हणजे हलीला, नांगरवाल्या बलरामाला प्रिय, कारण कदंबापासूनची मदिरा. तिचं नाव कादंबरी. कळंबाची मदिरा कुठे ऐकली आहे?

कोशकिडा: आणि बाणभट्टाच्या 'कादंबरी' या कथेच्या नायिकेवरून मराठीत, कानडीतही, सगळ्या नॉव्हेलांचं नाव कादंबरी पडलं. तद्भवाने गेलो असतो तर 'कळंबरी' वाचत बसलो असतो.

तत्सम: पाहा, शेवटी तत्समच कामी आला.

पाटीवाली: देठ मोजला. सात सेंटीमीटर, पान खालून मऊ.

उपपर्ण: मग माळी बरोबर, हेदू. तो काढू नका, पाटी हेदूचीच लावा. शततारकेसाठी शेजारी नवं रोप लावा, पण रोपवाटिकेत 'कदंब' म्हणून मागितलंत तरी शेंड्याची कळी बघूनच घ्या.

तत्सम: आणि त्या नव्या रोपाच्या पाटीवर 'कदंब'.

कोशकिडा: 'कळंब'.