मनातलं घरात बोलायला जमतंय काय? अनुभव लिहा की

रंकाळ्याकाठची
परवा नवऱ्याला म्हटलं, "पाहुण्यांसमोर माझ्या तांबड्या रश्श्याला नावं ठेवलास, मला वाईट वाटलं." एवढंच. पण लग्नाला 9 वर्षं झाल्यावर हे वाक्य तोंडातनं बाहेर पडलं. आधी काय करायचो, तर गप बसायचो आणि रात्री भांडी आपटायचो (हसू नका, कोल्हापुरात आम्ही बायकाबी करतो-जातोच म्हणतो). तो म्हणतोय, "मग तवाच बोलायचं की." पण तवा आत वाटायचं, आपल्याला वाईट वाटलं ही काय सांगायची गोष्ट हाय, आपण कोण एवढे. तुमच्याकडं कसं?

पेठेतला गडी
आमचे बाबा तालमीतले, कान मोडलेले. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, आम्ही एका शाळेत मुक्कामाला. रात्री दोनला बघतोय तर बाबा बसलेले, हातातली घराची किल्ली उलटीसुलटी करत. म्हटलं झोपा. तर म्हणाले, "भ्या वाटतंय रं." ह्या माणसाला भ्या वाटतं हे मला पहिल्यांदा कळलं, मला काय बोलायचं सुचेना, चहा आणून दिला. पण पुढं माझा धंदा बसला तेव्हा मित्रांच्या आधी त्यांनाच सांगितलं.

एकतीस_नंबर
काउन्सेलरनं रोझेनबर्गची प्रश्नावली दिली, आपण स्वतःला किती किंमत देतो ते मोजायची, 1965 ची हाय, दहाच वाक्यं, 30 पैकी मार्क. 15 च्या खाली कमी धरतात, मला 11. अभिमान वाटावा असं माझ्याकडं फारसं काही नाही, ह्या अर्थाच्या वाक्याला मी डोळे झाकून 'पूर्ण सहमत' ठोकलं. बायको शेजारीच होती. म्हणाली, "मी आणि दोन पोरी, आम्ही काहीच न्हाय होय?" काउन्सेलरपण गप झाल्या. मार्कांपेक्षा ते जास्त लागलं राव.

गुजरीची सून
सगळ्यांचं गोड झालं म्हणून माझं कडू लिहितो. मन मोकळं केलं सख्ख्या जावेजवळ, रडलो पण, आणि दोन दिवसांत नणंदेकडनं तेच शब्द ऐकले, वर तिखटमीठ लावून. तेव्हापासनं घरात फक्त भाजी काय करायची एवढंच. बोला म्हणणाऱ्यांनी कुणाजवळ ते पण सांगावं.

रंकाळ्याकाठची
खरंय बाई. आणि पेठेतल्या भावा, त्या रात्रीबद्दल बाबांशी परत कधी बोललास काय?

पेठेतला गडी
न्हाय. किल्ली तेवढी अजून त्यांच्या उशाला असत्या.