डॅन लेनोच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हसू का येत नाही?

तलावपाळी (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या वाचनगटात दर महिन्याला एक जण एखाद्या कलावंताच्या आयुष्यावर बोलतो. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि मी व्हिक्टोरियन लंडनच्या म्युझिक हॉलमधील (गाणी, नाच आणि विनोदी तुकडे सादर होणाऱ्या करमणुकीच्या नाट्यगृहांतील) विनोदी नट डॅन लेनो हा विषय निवडला आहे. त्याचे मूळ नाव जॉर्ज वाइल्ड गॅल्विन, जन्म २० डिसेंबर १८६० चा, लंडनमधील सेंट पँक्रस भागातला. आईवडील दोघेही म्युझिक हॉलमध्ये काम करणारे. वडील १८६४ मध्ये वारले, त्याच वर्षी हे पोर अंगाच्या कसरती दाखवत रंगमंचावर उभे राहिले, आणि पुढे आईने दुसरे लग्न केले तेव्हा सावत्र वडिलांचे ‘लेनो’ हे रंगमंचावरचे नाव त्याला मिळाले. इथवर सारे ठीक जमले आहे.

अडचण त्याच्या ध्वनिमुद्रिकांची आहे. ठाणे–वाशी लोकलमधून कामाला जाताना मी त्या आठवडाभर ऐकल्या. आधी तव्याची खरखर, मग एक बारीक, घाईत बोलणारा आवाज, आणि दोन-तीन मिनिटांत सारे संपते. एकदाही हसू आले नाही. ज्याच्यासाठी लंडनची नाट्यगृहे भरत होती त्या माणसाचे थोरपण, मला स्वतःला जाणवले नसताना, मी वीस माणसांना कसे पटवून देऊ? आणि त्याच्या कलेचे आज नेमके काय उरले आहे?

खाडीकाठ (कळवा)

ताई, तुमच्या कानांचा यात काही दोष नाही. लेनोची ध्वनिमुद्रणे १९०१ पासूनची आहेत. तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन वापरात नव्हता. कलावंताने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून, जागेवरून न हलता, समोर प्रेक्षक नसताना, ठरलेल्या दोन-तीन मिनिटांत सारे उरकायचे असे. लेनोच्या बाबतीत हे फार मोठे नुकसान होते, कारण त्याच्या कलेची सुरुवातच मुळी पायांपासून झाली होती.

इंग्लंडच्या उत्तरेकडील कापडगिरण्यांच्या मुलखात कामगार लाकडी तळव्याचे बूट घालत आणि त्या बुटांच्या ठेक्यावर नाचण्याच्या स्पर्धा होत. पदन्यासातील प्रत्येक ठोका स्वच्छ ऐकू यावा म्हणून काही स्पर्धांत परीक्षक चक्क मंचाच्या खाली बसून निकाल देत. लेनोने १८८० मध्ये लीड्स येथे या नाचाचे जगज्जेतेपद जिंकले आणि सोन्याचांदीचा पट्टा मिळवला. १८८५ मध्ये तो लंडनच्या माइल एंड भागातील फॉरेस्टर्स हॉलमध्ये आला तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना त्या नाचाचे फारसे अप्रूप वाटले नाही. त्यांना आवडले ते बाईच्या वेशात, जुळ्या मुलांसाठी दूध आणायला निघालेल्या आईचे त्याने म्हटलेले विनोदी गाणे. तिथून त्याची दिशा बदलली, पण ठेका अंगात राहिला तो राहिलाच.

पुढे त्याचे गाणे हे केवळ निमित्त उरले. एक कडवे म्हणायचे आणि मग कितीतरी वेळ प्रेक्षकांशी बोलत राहायचे, मध्येच धावत पुढे यायचे, पाय आपटायचे, थबकायचे. गटापुढे ध्वनिमुद्रिका लावण्यापूर्वी हे सांगितलेत तर ऐकणाऱ्यांना निदान कशाची उणीव आहे ते कळेल.

माथाडी वसाहत (कोपरखैरणे)

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, त्यामुळे या विषयाकडे तमाशाच्या अंगाने पाहतो. लेनोची खरी कीर्ती लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमधील पँटोमाइममुळे झाली. आपल्याकडे हा शब्द मूकनाट्यासाठी वापरला जातो, त्यामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. इंग्लंडमध्ये नाताळच्या सुमारास सुरू होणाऱ्या, परीकथेवर बेतलेल्या, गाण्यांनी आणि बोलण्याने भरलेल्या नाटकाला पँटोमाइम म्हणतात, आणि त्यात ‘डेम’ नावाचे प्रौढ बाईचे पात्र पुरुषाने करायचे असते. लेनो १८८८ पासून जवळजवळ अखेरपर्यंत दर हंगामात तिथे होता, बहुधा डेमच्या भूमिकेत. जोडीला धिप्पाड हर्बर्ट कॅम्बेल, आणि शेजारी हा किरकोळ अंगाचा लेनो.

आता आपल्या गवळणीतील मावशी आठवा. आमच्या गावच्या जत्रेत मी पाहिलेला मावशी साडीसुद्धा नेसत नसे. धोतर-सदऱ्यावरच तो उपरणे पदरासारखे डोक्यावरून घेई आणि ते घसरू लागले की दोन बोटांनी पुढे ओढून कपाळावर नीट करी. त्या दोन बोटांत गावातल्या सगळ्या प्रौढ बायका दिसत, आणि तरी हा पुरुष आहे हे कोणीही क्षणभर विसरत नसे. संगीत नाटकातील स्त्रीपार्टी नटाचे यश नेमके उलट होते. तिथे प्रेक्षकाने पुरुष विसरावा अशी अपेक्षा असे. लेनोचे नाते मावशीशी जुळते, आणि विनोदी संवादापुरते बोलायचे तर आपल्या बतावणीशी.

त्याचा मिसेस केली नावाच्या बाईबद्दलचा एक गाजलेला तुकडा आहे. शेजारीण काहीतरी सांगायला लागते आणि मध्येच प्रेक्षकांना विचारते, “अहो, त्या मिसेस केली नाहीत का?” जणू साऱ्या सभागृहाने त्यांना ओळखलेच पाहिजे. मूळ गोष्ट तशीच राहते आणि मंचावर कधीच न येणाऱ्या त्या बाईभोवती बोलणे फिरत राहते. चाळीत वाढलेल्या कोणालाही ही पद्धत परकी वाटणार नाही. माझे स्पष्ट मत आहे की लेनो या बायकांची टिंगल करत नव्हता. भाडे, पोरे, नवरा आणि शेजार यांत पिचलेल्या बाईला तो तिच्या बाजूने उभा राहून बोलते करत होता. १९०२ च्या ‘मदर गूज’मध्ये तो एका गरीब म्हातारीचा श्रीमंती आणि सौंदर्याच्या हव्यासापर्यंतचा प्रवास करतो. ती भूमिका त्याच्यासाठीच लिहिली गेली आणि आजही ते नाटक डेमची कसोटी मानले जाते.

पामबीच (वाशी)

एक विनंती करते. लेनोवर बोलणारे बहुतेक जण शेवट ‘हसवणाऱ्याचे रडणे’ असा करतात. तो मोह कृपया टाळा. त्याचा मानसिक आजार खरा होता. बहिरेपण वाढत चालले होते, शेक्सपिअरच्या गंभीर भूमिका करण्याचा ध्यास त्याने घेतला होता, आणि १९०३ मध्ये त्याला कॅम्बरवेलच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले. त्यातून बाहेर येऊन तो पुन्हा ड्रुरी लेनवर उभा राहिला. जुलै १९०४ मध्ये कॅम्बेल गेला आणि ३१ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी, लेनोही. पण आजाराचे हे वर्ष-दीड वर्ष चाळीस वर्षांच्या कामाचा अर्थ ठरवू शकत नाही. नोव्हेंबर १९०१ मध्ये सातव्या एडवर्ड राजाने त्याचा कार्यक्रम सँड्रिंगहॅमला करवला, म्हणून त्याला ‘राजाचा विदूषक’ म्हणू लागले. मला मात्र त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली सामान्य माणसांची गर्दी अधिक बोलकी वाटते.

वारशाबद्दल विचारलेत. चार्ली चॅप्लिन १८८९ मध्ये जन्मला आणि लहानपणी ‘एट लँकशायर लॅड्स’ या, लाकडी बुटांचा नाच करणाऱ्या मुलांच्या संचात होता. म्हणजे लेनो ज्या शाळेत घडला त्याच शाळेत तोही. चॅप्लिनचे चालणे आपण सर्वांनी पाहिले आहे. लेनोच्या पायांची कल्पना करायची असेल तर आवाजापेक्षा तिकडून सुरुवात करावी.

तलावपाळी (नौपाडा, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. मी क्रम बदलते आहे: आधी लाकडी बूट, मग मावशी आणि डेम, मग मिसेस केली, आणि ध्वनिमुद्रिका अगदी शेवटी. कोपरखैरण्याच्या काकांना विनंती आहे की त्यांनी त्या दिवशी येऊन मावशीचा पदर प्रत्यक्ष दाखवावा. साडीची व्यवस्था आम्ही करू.

माथाडी वसाहत (कोपरखैरणे)

जरूर येईन, ताई. साडी नको, उपरणे माझ्याकडे आहे.