अमोनियावर चालवलेल्या इंजिनाचे वंगण तेल ठेवावे की बदलावे? तातडीने मदत हवी आहे

इंजिनघर, रत्नागिरी
आमच्या प्रयोगशाळेतील इंजिनाच्या तेलाचा अहवाल आला आहे. बेस नंबर (आम्ल मारण्याची तेलाची शिल्लक क्षमता) जवळपास नव्या तेलाइतकाच आहे, पण तेल घट्ट झाले असून झाकणाखाली दुधासारखा थर धरला आहे. बेस नंबर निम्म्यावर आल्याशिवाय तेल काढायचे नाही, असा आमचा नियम आहे. सोमवारी पुढची चाचणी आहे. ठेवावे की काढावे, एवढेच सांगावे.

हर्णै बंदर
एवढ्यावरून कसे सांगणार? इंजिन किती तास चालले, पाण्याचे तापमान किती, सोबत डिझेल होते का? मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्या फेरीला माझ्या ट्रॉलरवरही असाच थर दिसतो. इंजिन नीट तापू दिले की तो जातो.

बर्फवाला, मिरकरवाडा
आमच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरमधून अमोनियाच फिरतो, तरी तेल असे बिघडत नाही. अमोनिया तांबे-पितळ खातो, म्हणून ते मात्र आम्ही त्याच्या जवळ येऊ देत नाही. तुमचे तेलच हलके असणार.

तेलतपासनीस
बर्फवाले भाऊ, तुमच्या कॉम्प्रेसरमध्ये अमोनिया जळत नाही, हा मोठा फरक आहे. एक किलो अमोनिया जळाला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते; तेवढ्याच ऊर्जेसाठी डिझेल जाळले असते, तर त्याच्या साधारण एकतृतीयांश पाणी झाले असते. ही वाफ, न जळलेला अमोनिया आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पिस्टन रिंगांजवळून संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपात्रात, उतरतात. ऑक्साइडांची तेलाशी अभिक्रिया (नायट्रेशन) होऊन ते घट्ट होते. अमोनिया स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे तेलात विरघळलेला अमोनियाही बेस नंबरमध्ये मोजला जातो, म्हणून तो आकडा चांगला दिसला तरी त्यावर विसंबू नये. व्हिस्कॉसिटी (तेलाचा घट्टपणा), पाणी, तांब्याचे प्रमाण आणि इन्फ्रारेडवर नायट्रेशन तपासून घ्यावे.

जहाजी
२०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५० टक्के झाल्यावर अनेक जहाजांनी ७० ऐवजी ४० बेस नंबरचे सिलिंडर तेल घेतले. आपणही कमी बेस नंबरचे घ्यावे.

तेलतपासनीस
ते टू-स्ट्रोक इंजिनातल्या वेगळ्या सिलिंडर तेलाबद्दल झाले. इथला प्रश्न संपमधल्या तेलाचा आहे.

इंजिनघर, रत्नागिरी
क्षमस्व, हे आधीच लिहायला हवे होते. इंजिन एका सिलिंडरचे, फोर-स्ट्रोक आहे. डिझेलच्या पायलटसह (अमोनिया पेटवण्यापुरते थोडे डिझेल) ६० तास चालले, पाणी ६० अंशांच्या वर गेलेच नाही. तेल १५डब्ल्यू-४० ग्रेडचे. रॉकरचे बुश कांस्याचे आहेत आणि अहवालात तांबे वाढलेले आहे, ते मी झिजेच्या खात्यात टाकले होते.

हर्णै बंदर
६० अंशांवर पाणी तेलातून उडणार कसे? थर्मोस्टॅट आधी पाहा.

तेलतपासनीस
थर्मोस्टॅट पाहावाच, पण घट्ट झालेले तेल तापवून पूर्ववत होत नाही. सोमवारच्या आधी तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, जुन्या तेलाचा नमुना घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि बुश काढून त्यांचा पृष्ठभाग काळवंडला आहे का ते पाहा.