घरचं जुनं सामान: लिलावात काढावं की स्वतः विकावं?

महालची लेक
काल इथे एका दादांनी लिहिलं की आईवडिलांचं घर रिकामं करायचं तर सगळं लिलावात काढा, स्वतः विकत बसणारे भावनेपायी नुकसान करून घेतात. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. आमचा नागपूरच्या महाल भागातला वाडा पाडायला निघाला तेव्हा तांब्याचा बंब, घंगाळ, हंडे, शिसवी कपाट, झोपाळ्याच्या पितळी कड्या असं बरंच निघालं. मुंबईच्या एका लिलाववाल्यांना फोटो पाठवले. त्यांना फक्त कपाट हवं होतं, तेही आमच्या खर्चाने मुंबईत पोचवून. वर कमिशन, विमा, आणि विकलं गेलं नाही तर परतीचं भाडंही आमच्याच माथी. आपल्याकडे लिलाव होतात ते बँकेने जप्त केलेल्या घरांचे आणि गाड्यांचे. घंगाळावर बोली लावायला कोण येतं? इतवारी बाजारात बंब मोडीच्या भावात मागितला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचं नाव आणि साल घातलेलं होतं. ते नाव पाहूनच धरमपेठेतल्या एका हॉटेलवाल्याने तो दर्शनी भागात ठेवायला घेतला, मोडीच्या कितीतरी वर पैसे देऊन.

कोर्टकचेरी
ताई, तुम्ही किमतीतच अडकलात. भांडणं हिशेबावरून होतात. हिंदू वारसा कायद्याने वडील मृत्युपत्र न करता गेले तर त्यांच्या मालमत्तेत आई, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा वाटा. बंब तुम्ही विकलात, पैसे किती आले हे भावाने कशावरून मानायचं? लिलावात आकडा चारचौघांत पुकारतात, कागद राहतो. एका दिवाणावरून सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिलेत.

महालची लेक
भावाला प्रत्येक व्यवहाराच्या वेळी फोन लावला होता मी. जिथे विश्वासच नाही तिथे कागद दाखवूनही लोक संशय घेतातच. माझ्या घरातल्यांबद्दल तुम्ही बोलू नका.

मानेवाडा
आमच्याकडे घरातल्या घरातच बोली लावली होती बाप्पा. ज्याची बोली जास्त त्याची वस्तू, आलेले पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे. ऐकायला बरं वाटते. झालं काय, पुण्याचा आयटीवाला भाऊ एकेक करून सगळं घेऊन गेला. मोठी बहीण फक्त आईच्या पानाच्या डब्यासाठी बसली होती. तिच्या नवऱ्याचं दुकान त्याच वर्षी बुडालेलं, ती बोलू कुठपर्यंत शकणार? डबा भावानं नेला, त्याच्या घरी पान कोणी खात नाही. लिलावात न्याय होते म्हणणाऱ्यांनी तिचं तोंड पाहायला पाहिजे होतं.

कोर्टकचेरी
आठवणीच्या वस्तू आधी वाटून घ्यायच्या असतात, बोली उरलेल्यावर लावायची. तुम्ही उलटं केलं त्यात लिलावाचा काय दोष?

भोसलेकालीन
नागपूरकराने लिलावाची तरफदारी करावी याचंच वाईट वाटतं. 1853 च्या डिसेंबरात नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले गेले, इंग्रज गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं आणि वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला नेऊन विकले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन असं राजघराण्यातल्या बाकाबाईंनी बजावलं होतं. तिथेही आकडा चारचौघांतच पुकारला ना?

कोर्टकचेरी
ती लूट होती. विकणाऱ्याची मर्जीच नव्हती. ताईंच्या बंबाचा आणि डलहौसीचा संबंध काय? प्रत्येक धाग्यात भोसले आणायचेच का?

भोसलेकालीन
आणणारच. 2025 मध्ये पहिल्या रघूजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि आपल्या सरकारला सुमारे 47 लाख रुपये मोजून ती घ्यावी लागली. आपलीच वस्तू आपण विकत घेतली. हे तुम्हाला टोचत नाही?

बर्डीवाला
टोचतं. पण लिलावाची जाहिरात झाली म्हणूनच तलवार कुठे आहे ते कळलं. खासगीत विकली असती तर एका संग्राहकाच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटात गेली असती.

भोसलेकालीन
बरं, एवढं मान्य. बाकी मत तेच. आणि ज्यांच्या घरी जुन्या मूर्ती, चित्रं असतील त्यांनी विकायच्या आधी 1972 चा पुरावस्तू कायदा पाहावा. 100 वर्षांवरची मूर्ती, 75 वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखित पोथी त्यात येऊ शकते. लिलावात विका की घरून, देशाबाहेर पाठवता येत नाही.

कोर्टकचेरी
कराचंही बघा. वापरातली भांडी, फर्निचर विकून नफा झाला तर तो भांडवली नफ्यात धरत नाहीत. दागिने, चित्रं, मूर्ती मात्र धरतात. तिथे लिलावाची पावती कामी येते.

महालची लेक
चित्रंवाल्यांनी जावं खुशाल. त्यांना हौशी गिऱ्हाइकं भेटतील. बोली चढायला निदान दोघं लागतात हो! आमच्या बंबाला एकच घेणारा होता, लिलावात तो पहिल्याच बोलीला सुटला असता.

कोर्टकचेरी
त्यासाठी राखीव किंमत ठेवतात, तिच्याखाली वस्तू विकत नाहीत. पण बंबापुरतं तुमचं खरं, मुंबईला पाठवण्यात अर्थ नव्हता. हिशेबाचं मी मागे घेत नाही.

बर्डीवाला
मानेवाडा, भावाला सांगा ना, डबा बहिणीला देऊन टाक म्हणून.

मानेवाडा
सांगितलं. म्हणते, बोली लावून घेतला आहे, तेवढे पैसे द्या न घेऊन जा.