कॉपी-कुलूप (डीआरएम) असलेल्या मराठी ईपब ई-पुस्तकांसाठी कुठला रीडर घ्यावा?

खानापूरहून लिहितोय. बाबांसाठी मराठी कादंबरी ऑनलाइन विकत घेतली, हाती आली काही केबींची एसीएसएम फाइल, म्हणजे पुस्तक नव्हे, ते उतरवून घ्यायची नुसती चिठ्ठी. बेळगावात मित्राच्या लॅपटॉपवर अ‍ॅडोब डिजिटल एडिशन्स या वाचनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर खरं ईपब उतरलं, तिथं छान वाचता येतं. किंडलवर पाठवलं तर कुलूप असल्यामुळे जात नाही. बिनकुलपाची ईपब व्यवस्थित जातात, करून बघितलंय. कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअरही तिथंच अडतं.

कुलूप तोडायचं नाही, लेखकाचा हक्क आहे तो. पीडीएफही नको, बाबांना अक्षर बोटाच्या पेराएवढं लागतं. फोनवर डोळे चुरचुरतात. पंधरा हजारांपर्यंत नवा ई-इंक (कागदासारख्या पडद्याचा) रीडर घेईन. अ‍ॅडोबचं कुलूप चालणाऱ्या कुठल्या रीडरवर ‘ज्ञ’, ‘र्‍या’, ‘ष्ट्र’ न फुटता दिसतात? कुणी स्वतः मराठी वाचलंय का त्यावर?