फ्रीबीएसडी: कर्नलमधलं फाइल टेबल भरतंय, आत डोकावायला कुठलं साधन वापरता?

पाणवठा

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाचा सर्व्हर माझ्याकडे आहे. फ्रीबीएसडी ९ (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टम), जुनं मशीन. दर दहा-अकरा दिवसांनी पुस्तकांचा कॅटलॉग उघडेनासा होतो आणि कन्सोलवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येते: 'कर्न.मॅक्सफाइल्स लिमिट एक्सीडेड बाय यूआयडी ८०', म्हणजे ८० क्रमांकाच्या वापरकर्त्याने उघड्या फाइलींची कमाल मर्यादा ओलांडली. रीबूट केलं की पुढचे दहा दिवस काही त्रास नाही.

टॉप बघितलं, मेमरी मोकळी आहे. डीएफ बघितलं, डिस्कवर जागा आहे. ओळखीच्या एकाने 'लिमिट दुप्पट कर आणि विसरून जा' असं सांगितलं, पण मला ते पटत नाही. काहीतरी साठत चाललंय, ते काय आहे ते बघायचंय. कर्नलची, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याची, टेबलं थेट दाखवणारी एखादी कमांड सुचवा. परीक्षा तोंडावर आल्यात, काउंटरवर मुलांची रांग असते.

मोगरा_१२

नवीन काही टाकू नका, साधन तुमच्या मशीनवर आहेच: पीस्टॅट. रूट होऊन 'पीस्टॅट -टी' द्या. टी कॅपिटल हवा, लहान टी दिलात तर टर्मिनलांची यादी येईल. कॅपिटल टी दोनच ओळी देतो: किती फाइल नोंदी वापरात आहेत आणि स्वॅप (मेमरीला जोड म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा) किती भरलाय. अडचण चालू असतानाच चालवा, रीबूटनंतर चालवून उपयोग नाही.

यूआयडी ८० म्हणजे फ्रीबीएसडीत 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' हा वापरकर्ता. म्हणजे वेब सर्व्हरच्या नावाने चालणारं काहीतरी आहे. पण एक लक्षात घ्या, टेबल भरल्यावर जो पुढची फाइल मागतो त्याचं नाव त्या ओळीत येतं. टेबल त्यानेच भरलं असेल असं नाही.

कातळ

मी लिनक्सवाला, माझं मत एलएसऑफला. कुठल्या प्रोसेसने काय उघडलंय ते एका यादीत मिळतं. नुसता आकडा हवा असेल तर लिनक्सवर /प्रॉक/सिस/एफएस/फाइल-एनआर वाचायची. तीन आकडे येतात: पहिला वापरातला, तिसरा कमाल. मधला २.६ कर्नलपासून कायम शून्यच असतो, त्याकडे बघून घाबरू नका. कर्नलची मेमरी कुठल्या वस्तूंनी खाल्लीय ते बघायला स्लॅबटॉप आहे.

मोगरा_१२

कातळ, एलएसऑफ मलाही आवडतं, पण फ्रीबीएसडीच्या जुन्या आवृत्त्यांवर ते पोर्ट्समधून (जादा प्रोग्रामांच्या संग्रहातून) घ्यावं लागतं आणि चालू कर्नलशी जुळवून बांधावं लागतं. अडलेल्या मशीनवर ती खटपट नको. तिथे घरचीच साधनं बरी: कुणी काय उघडलंय ते दाखवणारी एफस्टॅट, प्रॉकस्टॅट आणि सॉकेटांसाठी सॉकस्टॅट.

देवराई

हा धागा बघून जुने दिवस आठवले. १९९० च्या दशकात पुण्यात आम्ही एससीओ युनिक्स सांभाळायचो. तिथे पीस्टॅट नव्हतं, 'सार -व्ही' होतं. प्रोसेस, आयनोड, फाइल, लॉक अशी टेबलं एका ओळीत यायची आणि पहिल्या तिघांच्या शेजारी 'ओव्ही' नावाचा रकाना, म्हणजे टेबल किती वेळा ओसंडलं. सकाळी आल्यावर चहाआधी तो रकाना बघायचा हा आमचा नेम होता. शून्य नसेल तर एनफाइल (फाइल टेबलाची लांबी) वाढवायचं, कर्नल पुन्हा लिंक करायचं आणि मशीन बंद करून चालू करायचं. त्यासाठी रात्रीची परवानगी काढावी लागायची. आता तोच आकडा चालू मशीनवर 'सिसकंट्रोल' कमांडने बदलता येतो, म्हणून लोक कारण न शोधता तो वाढवत बसतात. पाणवठा, तुम्ही तसं केलं नाहीत हे फार बरं केलंत.

पीस्टॅट ४.० बीएसडीपासूनचं. तेव्हा कर्नलची टेबलं ठरावीक लांबीची असायची आणि ती लांबी 'मॅक्सयूजर्स' या एका आकड्यावरून निघायची. तुमच्या मशीनवर कमाल किती दाखवतंय ते लिहा.

पाणवठा

काल रात्री पुन्हा अडलं. रीबूट न करता 'पीस्टॅट -टी' दिलं. उत्तर: ११,७१२/१२,३२८ फाइल्स. स्वॅप जवळजवळ रिकामा. आता गोंधळ वाढला. सहाशेच्या वर जागा शिल्लक असताना 'भरलं' म्हणून का सांगतंय?

मोगरा_१२

बरं झालं नेमके आकडे दिलेत. शेवटचा विसावा हिस्सा कर्नल रूटसाठी राखून ठेवतं. १२,३२८ ला २० ने भागा, ६१६ येतात. १२,३२८ मधून ६१६ गेले की ११,७१२. इतर वापरकर्त्यांसाठी टेबल तिथेच संपलं. म्हणूनच तुम्हाला रूट म्हणून आत जाऊन ही कमांड चालवता आली.

देवराई

आणि १२,३२८ सुद्धा उगाच नाही. मॅक्सयूजर्स ३८४ धरा. त्याची सोळापट अधिक २० म्हणजे ६,१६४, ही प्रोसेसची कमाल. तिची दुप्पट १२,३२८. म्हणजे हा आकडा कुणी हाताने घातलेला नाही, मशीनने स्वतः काढलेला आहे.

मोगरा_१२

आता पुढची पायरी. 'पीस्टॅट -एफ' द्या. प्रत्येक नोंदीची एक ओळ येईल. टाइप या रकान्यात आयनोड (डिस्कवरची फाइल), सॉकेट (बहुधा नेटवर्कची जोडणी), पाइप (दोन प्रोसेसांमधली नळी) असं लिहिलेलं असतं. नुसती मोजदाद करा: आयनोड जास्त की सॉकेट?

एफस्टॅटच्या ओळी मोजून हा आकडा जुळवायला जाऊ नका, जुळणार नाही. फोर्क झाल्यावर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर, एकच नोंद दोन-चार प्रोसेसांच्या वाट्याला येते. पीस्टॅट ती एकदाच मोजतं आणि सीएनटी रकान्यात किती जणांनी धरलीय ते सांगतं. एफस्टॅट ती प्रत्येकाच्या नावावर दाखवतं, शिवाय प्रोसेसची चालू डिरेक्टरी आणि प्रोग्रामची स्वतःची फाइलही यादीत धरतं.

शिवाय क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) दर दहा मिनिटांनी तारीख आणि 'पीस्टॅट -टी' एका फाइलीत जोडत राहा. एकदम उसळी मारतंय की रोज थोडं थोडं चढतंय, ते त्यातून कळेल. माझ्या अनुभवात निम्मं निदान इथेच होतं.

पाणवठा

मोगरा ताई, पाच दिवसांच्या नोंदी जमल्या. रीबूटनंतर १,८५० च्या आसपास सुरुवात, मग तासाला साधारण ४० ची चढ. दिवसा, रात्री, रविवारी ग्रंथालय बंद असतानासुद्धा तेवढीच. त्या हिशेबाने दहा दिवसांत बरोबर ११,७१२. वाढलेल्यातले जवळजवळ सगळे सॉकेट.

मग सॉकस्टॅट लावलं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या नावाने पायथॉनची एक प्रोसेस, तिच्याच ओळींनी पडदा भरला. नेटस्टॅटमध्ये त्या सगळ्या जोडण्या 'क्लोज-वेट'मध्ये. ही सेवा आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने लिहिलेली आहे, दारावरच्या हजेरी यंत्राकडून नोंदी आणते.

कातळ

क्लोज-वेट म्हणजे पलीकडच्याने जोडणी बंद केली, पण आपल्या प्रोग्रामने अजून क्लोज केलेलं नाही. कर्नल आपणहून ती सोडणार नाही, कितीही दिवस वाट बघितली तरी. कोडमध्ये जिथे चूक पकडलीय ती जागा आधी बघा.

पाणवठा

तिथेच सापडलं. यंत्राशी बोलणं झालं की जोडणी बंद होते आणि यादीतून निघते. पण यंत्राने मध्येच फोन ठेवावा तशी जोडणी तोडली, की प्रोग्राम चूक नोंदवून पुढे जायचा आणि सॉकेट यादीत तसंच पडून राहायचं. यंत्र जवळजवळ दर दीड मिनिटाला असं करतं. चूक झाली तरी चालणाऱ्या 'फायनली' भागात क्लोज टाकलं आणि यादीतून काढण्याची ओळही तिथेच नेली. मुलाला फोन करून दाखवलं, त्याने लगेच इतर दोन ठिकाणीही तशीच दुरुस्ती केली.

आज चौथा दिवस. सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी: १,८६२/१२,३२८.

मोगरा_१२

वा, फार छान. क्रॉनची नोंद मात्र काढू नका, ती राहू दे. आणि फ्रीबीएसडी ९ ची शेवटची आवृत्ती ९.३, तिचे सुरक्षा सुधार २०१६ च्या अखेरीस थांबले. हे मशीन बाहेरच्या जाळ्याला उघडं असेल तर आता थांबू नका.

पाणवठा

ताई, बाहेरून बंदच आहे, फक्त कॉलेजच्या आतल्या जाळ्यावर दिसतं. मे महिन्याच्या सुट्टीत नवीन आवृत्तीवर नेणार, प्राचार्यांकडून आजच होकार घेतला. तोवर देवराई काकांसारखं, रोज सकाळी चहाआधी 'पीस्टॅट -टी'.