फ्रँक ग्रँट: हॉल ऑफ फेमची जागा खेळावर मिळाली की सहानुभूतीवर?

सीमारेषेपलीकडे
जॅकी रॉबिन्सन 1947 साली ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि अमेरिकन बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण ती भिंत उभी राहत होती तेव्हा आत कोण खेळत होतं, हे कुणी विचारत नाही. फ्रँक ग्रँट खेळत होता. जन्म 1865, मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डचा. चणीनं लहानखुरा, दुसऱ्या बेसवरचा चपळ क्षेत्ररक्षक. 1886च्या मध्यावर तो खेळत असलेला मेरिडनचा संघ बुडाला आणि बफेलो शहराच्या संघानं त्याला उचललं. बफेलोचा संघ ज्या लीगमध्ये होता ती मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीच्या, लगेच खालची. तिथं ग्रँटची सरासरी 1886मध्ये .344, 1887मध्ये .353, 1888मध्ये .346. (बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी: दहांपैकी तीन वेळा हिट मारणारा, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठणारा, .300 सरासरीचा फलंदाज तिथं उत्तम मानतात.) शिवाय 1887मध्ये 11 होम रन, लीगमध्ये सर्वाधिक, आणि तेही अंगापिंडानं एवढ्याशा माणसाचे.

माझं मत स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा कृष्णवर्णीय खेळाडू हाच, आणि 2006 साली हॉल ऑफ फेमनं, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनानं, त्याला घेतलं त्यात उपकार नव्हता. ‘संधी मिळाली असती तर’ असं म्हणायची वेळच येत नाही. त्यानं गोऱ्या पिचरांसमोर (चेंडू टाकणाऱ्यांसमोर), गोऱ्यांच्या लीगमध्ये हे करून दाखवलं. एकाच संघानं कृष्णवर्णीय खेळाडूला सलग तीन हंगाम ठेवल्याचं त्याआधीचं उदाहरण नाही.

स्कोअरबुक
असहमत. ग्रँटबद्दल आदर आहे, पण मूल्यमापन करायचं तर नीट करू.

पहिली गोष्ट, 1887चा हंगाम जमेस धरताना सांभाळून. त्या वर्षी नियम बदलले होते. फलंदाज तीनऐवजी चार स्ट्राइकवर बाद व्हायचा आणि वॉकसुद्धा (पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळं फुकट मिळालेला पहिला बेस) हिट म्हणून मोजला जायचा. त्यामुळे त्या हंगामातल्या सगळ्याच सरासऱ्या जपून वाचाव्या लागतात. दुसरं, मेजर लीगच्या खालची पायरी म्हणजे खालचीच. तिथं तीन वर्षं चमकून पुढं फिके पडलेले गोरे खेळाडू पुष्कळ आहेत, त्यांना कुणी हॉल ऑफ फेममध्ये बसवत नाही. तिसरं, 1889नंतर 1903पर्यंतचा त्याचा बहुतेक खेळ क्यूबन जायंट्स, बिग गोरहॅम्स, फिलाडेल्फिया जायंट्स अशा कृष्णवर्णीय संघांकडून. ते संघ गावोगावी फिरून मिळेल त्याच्याशी सामने खेळत. त्यांची नोंद तुटक आहे. म्हणजे कारकिर्दीचा मोठा भाग आपण विश्वासावर घेतोय.

सीमारेषेपलीकडे
@स्कोअरबुक, नियमाचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष नाही. 1886 आणि 1888मध्ये वॉक हिट धरत नव्हते. तरी आकडे .344 आणि .346. मधलं वर्ष खोडून टाका, फलंदाज तोच राहतो. आणि वॉकचा होम रन कुठल्याही नियमानं होत नाही.

गोऱ्या खेळाडूंशी केलेली तुलना तर मला अजिबात पटत नाही. खालच्या लीगमध्ये तीन वर्षं असं खेळणाऱ्या गोऱ्या खेळाडूला वर बोलावणं यायचं. वर गेल्यावर तो फिका पडला तर तो त्याचा निकाल. ग्रँटची परीक्षाच घेतली नाही. 14 जुलै 1887 रोजी लीगच्या संचालकांनी ठरवलं की यापुढं कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मंजूर करायचे नाहीत. बैठक कुठं झाली? बफेलोत! ग्रँट त्याच शहराच्या संघासाठी होम रन मारत होता.

मंजिरी_क
आकड्यांत एक गोष्ट येत नाही, ती सांगते. शिकागोचा खेळाडू नेड विल्यमसन यानं 1891मध्ये बफेलोच्या कृष्णवर्णीय दुसऱ्या बेसमनची हकीकत सांगितली होती. प्रतिस्पर्धी धावपटू सहज तिसऱ्या बेसवर पोचू शकत असतानाही मुद्दाम दुसऱ्यावर रेंगाळायचे, का तर त्याच्या नडग्यांवर बुटाचे खिळे रोवता यावेत. तो अपघात वाटावा म्हणून पाय पुढं करून घसरत यायचे. शेवटी त्यानं पायांना लाकडी कवच बांधलं. मग समोरच्यांनी खिळ्यांना कानस मारून धार लावली, आणि दुसऱ्या बेसवर येणारा पहिलाच गडी ते लाकूड फोडायचा.

दुसऱ्या बेसवर उभं राहून डबल प्ले करायचा, एकाच चेंडूवर दोन गडी बाद करायचे, म्हणजे येणाऱ्या धावपटूकडं न बघता चेंडू फेकायचा असतो. असल्या पायांनी ते रोज करणं, आणि पुन्हा .340च्या वर फलंदाजी! शिवाय 1888मध्ये स्वतःच्याच संघातले लोक त्याच्यासोबत फोटोला बसायला तयार नव्हते.

स्कोअरबुक
@मंजिरी_क, फोटोचा प्रसंग पक्का आहे. विल्यमसनच्या गोष्टीबद्दल मात्र मी सावध आहे. तो त्या लीगमध्ये नव्हता आणि सांगतोय काही वर्षांनी. त्याच्या मते हा खेळाडू पाचांतले जेमतेम दोन सामने खेळायचा, उरलेला वेळ कुबड्यांवर. ग्रँट तर 1887मध्ये शंभराच्या आसपास सामने खेळला. हीच लाकडी कवचांची गोष्ट त्याच काळातला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू बड फाउलर याच्याबद्दलही सांगतात. ग्रँटला खिळे मारले गेले नाहीत असं मी म्हणत नाही, मारले गेलेच असणार. पण खेळाडू मोठा ठरवायला ऐकीव गोष्ट लागत असेल तर आकड्यांवर आपला भरवसा कमी आहे, असा अर्थ होतो.

जर्सीवाला_मराठी
मी न्यू जर्सीत राहतो. ग्रँटची कबर आमच्याकडंच, क्लिफ्टनला आहे. निवृत्तीनंतर वेटर म्हणून काम केलं, 1937मध्ये न्यूयॉर्कला वारला, आणि 2011पर्यंत कबरीवर दगडसुद्धा नव्हता. म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये जाऊन पाच वर्षं झाल्यावर! मेजर लीगनं 2020मध्ये नीग्रो लीग्जना, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या जुन्या वेगळ्या लीगना, मेजर दर्जा दिला, तोही 1920 ते 1948एवढाच. ग्रँटची पिढी त्यातही बसत नाही. सहानुभूतीचा पूर आला असता तर एवढी उपेक्षा कशी झाली असती?

गल्लीतला_अंपायर
फाउलरचं नाव निघालं म्हणून लिहितो. मला ‘सर्वांत मोठा’ हा किताब ग्रँटला द्यायला जड जातं. फाउलर 1878मध्ये पैसे घेऊन गोऱ्यांच्या संघात खेळणारा पहिला. पुढं 1895पर्यंत गावं बदलत, संघ बदलत टिकला. 1887मध्ये बिंगहॅम्टनला ऐन फॉर्मात असताना सहकाऱ्यांच्या विरोधामुळं त्याला जावं लागलं. नंतर पेज फेन्स जायंट्स हा संघ उभा केला. हॉल ऑफ फेममध्ये मात्र 2022ला, ग्रँटच्या सोळा वर्षांनी. कारकीर्द म्हणाल तर फाउलरची मोठी.

सीमारेषेपलीकडे
@गल्लीतला_अंपायर, खेळासाठी केलेलं काम मोजायचं तर फाउलर पुढं, वाद नाही. माझा प्रश्न मैदानावरचा आहे. सामना जिंकायचाय, दुसऱ्या बेसवर दोघांतला एकच ठेवता येतो, तर मी ग्रँटला घेईन. बफेलोनंही त्याला दयेपोटी ठेवलं नव्हतं. संघातले लोक फोटोला बसत नसताना त्याच हंगामात त्याला खेळवत होते, कारण त्याच्यावाचून सामने हरले असते.

स्कोअरबुक
हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आकड्यांपेक्षाही. तरीही तो तीन हंगामांचाच पुरावा आहे. 1890मध्ये हॅरिसबर्गला तो पुन्हा गोऱ्यांसोबत खेळला. तिथले बॉक्स स्कोअर (सामन्यांचे तपशीलवार गुणतक्ते) एकेक करून बघितल्याशिवाय मी मत बदलणार नाही.